मदत हवी आहे: होस्टिंगमधल्या एका फोल्डरमधून फाइल काढल्या, तर दुसऱ्यातल्याही गेल्या

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या हस्तलिखित कवितांची छोटी साइट करतोय. लॅपटॉपवर सगळं नीट चालतं. होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा) घेतलं, ते सांभाळायच्या सीपॅनल या पॅनेलमधला फाइल मॅनेजर उघडला आणि गोंधळलो. ईटीसी, लॉग्ज, मेल, एसएसएल, टीएमपी, पब्लिक_एचटीएमएल, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू... यातलं माझं काय आणि कशाला हात लावायचा नाही, हेच कळेना.

साइट पब्लिक_एचटीएमएलमध्ये टाकायची असते एवढं शोधून कळलं. 'कविता' फोल्डर झिप करून तिथे चढवला, एक्स्ट्रॅक्ट केला. पत्ता टाकला तर ४०३ फॉरबिडन, म्हणजे 'प्रवेश नाही'. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फोल्डरचं नाव लिहिलं, तर साइट उघडली! असं का?

पुढची चूक मोठी आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू उघडलं तर तिथेही त्याच फाइल. चुकून दोनदा चढल्या असतील असं समजून तिथल्या डिलीट केल्या. मागे येऊन बघतो तर पब्लिक_एचटीएमएलही रिकामं! मूळ फाइल लॅपटॉपवर आहेत, पण वही शेजारी ठेवून दोन दिवस केलेल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आणि कवितांच्या तारखा फक्त सर्व्हरवर होत्या. त्या परत मिळतील का?

शिवाय निम्मे फोटो साइटवर दिसतच नव्हते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

आधी फाइल परत मिळवा, तोवर नवीन काही चढवू नका. डिलीट करताना 'स्किप द ट्रॅश'वर टिक केली नसेल, तर फाइल अजून आहेत. वरच्या पट्टीत 'व्ह्यू ट्रॅश' आहे. तिथे निवडा आणि रिस्टोअर करा. एफटीपीने (फाइल मॅनेजरऐवजी वेगळ्या प्रोग्रामने सर्व्हरला जोडून) काढल्या असत्या तर होस्टिंगवाल्यांकडे बॅकअपच मागावा लागला असता.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हा वेगळा फोल्डर नाही, पब्लिक_एचटीएमएलकडे नेणारी सिमलिंक, म्हणजे शॉर्टकटसारखा दुवा आहे. एकाच खोलीला दोन दारं. कुठूनही आत जा, सामान तेच. त्या चिन्हावर नीट पाहिलंत तर छोटा बाण दिसतो.

४०३ चं कारण सोपं आहे. नुसता पत्ता टाकला की सर्व्हर पब्लिक_एचटीएमएलमध्ये इंडेक्स नावाची फाइल शोधतो. तुमची एक पायरी आत, 'कविता'मध्ये होती. ती न सापडल्यावर फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवायला मनाई असल्याने त्याने दार लावून घेतलं. 'कविता'च्या आतलं सगळं निवडून पब्लिक_एचटीएमएलमध्ये मूव्ह करा. सेटिंग्जमध्ये 'शो हिडन फाइल्स' चालू ठेवा, नाहीतर डॉट एचटीॲक्सेससारखी (सर्व्हरसाठीच्या सूचनांची) लपलेली फाइल मागे राहील.

फोटोंची नावं तपासा. लिनक्स सर्व्हरला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात, विंडोजला नाही. कॅमेरा फाइलच्या नावाशेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये लिहितो आणि आपण पानात स्मॉल लिहितो.

मेल फोल्डरला मात्र अजिबात हात लावू नका, डोमेनच्या पत्त्यावर आलेली पत्रं तिथेच असतात. पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेरचं ब्राउझरमधून थेट उघडत नाही, म्हणून बॅकअपची झिप बाहेर ठेवा, आत नको.

धागाकर्ता

मिळाल्या! ट्रॅशमध्ये सगळ्या होत्या, तारखांसकट. मनापासून आभार. आधी त्यांची झिप लॅपटॉपवर उतरवली, मगच मूव्ह केलं. आता नुसत्या पत्त्यावर पहिली कविता उघडते. फोटोंची नावं एकेक करून बदलतोय.