सात गावं, सात दिवस : डीएनएचा संगणक खरंच येतोय?

निखिल (ठाणे): सिलिकॉनचे दिवस भरले. थेंबभर डीएनए अब्जावधी शक्यता एकदम तपासतं. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ एडलमननं १९९४ मध्येच दाखवून दिलंय. आपण अजून चिपांच्या मागे!

जेलवाली: राहवलं नाही म्हणून लिहितेय. एडलमननं सोडवलं काय? सात ठिकाणं, चौदा एकेरी रस्ते, प्रत्येक ठिकाणी एकदाच जायचं. कागदावर दोन मिनिटांचं काम. ठिकाणाला डीएनएच्या वीस अक्षरांचा तुकडा, रस्त्याला एकाचं मागचं अर्धं आणि दुसऱ्याचं पुढचं अर्धं. नळीत जोडीदार अक्षरं एकमेकांना चिकटून सगळे मार्ग आपोआप जुळले, हे देखणंच आहे. पण उत्तर हुडकायला? पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं), तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलमधून १४० अक्षरांची (सात ठिकाणं गुणिले वीस) पट्टी कापणं, मग चुंबकी मण्यांनी एकेक ठिकाण तपासणं. सात दिवस!

निखिल (ठाणे): ते दिवस हातांचे, रेणूंचे नव्हेत. हात यंत्राचे करा.

जेलवाली: हात! माझी पट्टी तीन महिने फिकट येत होती. अंधाऱ्या खोलीत यूव्हीखाली डोळे ताणून बघायचं. शेवटी कळलं, रात्री वीज गेली की फ्रीजर वितळायचा आणि एन्झाइम मरायचं. गाइड म्हणाले, तुझंच पिपेटिंग वाईट.

कोल्हापूरकर: ताई, आमच्याकडं तर प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) यायलाच दीड महिना. फेलोशिप आठ महिने थकलेली, घरभाडं वडलांनी भरलं. संशोधन काय करणार?

सई: अगदी! आणि वर पेपर कधी, असं विचारतात. मी सोडलं शेवटी.

निखिल (ठाणे): विषय डीएनए संगणनाचा होता. फेलोशिपसाठी वेगळा धागा काढा.

जेलवाली: हाच विषय आहे. नळीतलं उत्तर कोणाच्या तरी हातूनच बाहेर येतं.

विवेक (पुणे): दोघंही एक मुद्दा विसरताय. सगळ्या शक्यता आधी बनवायच्या तर डीएनए तेवढं लागतं. संगणकशास्त्रज्ञ हार्टमनिसनं १९९५ मध्ये हिशोब मांडला : ठिकाणं २०० केली, तर लागणारं डीएनए पृथ्वीपेक्षा जड. यंत्राचे हात लावून वजन कमी होत नाही.

निखिल (ठाणे): बरं, सुपरसंगणकाला हरवणं सोडा. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या चियान आणि विनफ्री यांनी डीएनएच्या १३० धाग्यांतून चार बिटांच्या संख्येचं वर्गमूळ काढलं, तेही खोटं?

जेलवाली: खोटं नाही. उत्तराला काही तास लागतात, पण पेशीत शिरून 'हा रेणू आहे, तो नाही' एवढं ठरवायला कोणाला घाई आहे? तिथं डीएनएच हवं. हे तुम्ही पहिल्यांदा लिहिलं असतंत, तर मी भांडले नसते.