दाजी सारखं पाणी पितात, वजन उतरलंय... भट्टीची उष्णता म्हणून सोडून द्यायचं का शुगर बघायची?

शिरोली_नाका

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. माझे दाजी, वय ४३, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत भट्टीवर आहेत, कधी दिवसपाळी कधी नाईट. मागच्या दोन-तीन महिन्यांत वजन बरंच उतरलंय, पट्ट्याला नवीन भोकं पाडायला लागलीत, आणि जेवण काय कमी नाही, उलट पहिल्यापेक्षा जास्त भाकरी खातात तरी भूक भूक करतात. पाणी तर विचारूच नका, उशाला तांब्या असायचा तिथं आता दोन लिटरची बाटली असते आणि ती रात्रीत संपते, मग तीन-चारदा लघवीला उठणं आलंच. अक्का म्हणते ह्यांच्यापायी माझी पण झोप नाही. सुट्टीदिवशी आधी रंकाळ्यावर एक चक्कर ठरलेली असायची, आता जेवले की आडवे. परवा मोबाईलवर वाचताना अंधुक दिसतंय म्हणाले, तर चष्मा लागला असेल म्हणून विषय संपला.

घरात सगळ्यांचं एकच, भट्टीसमोर उभं राहायचं म्हणजे तहान लागणारच, वर उन्हाळा. गल्लीतले म्हणतात बारीक झालास, बरं झालं. पण त्यांच्या आईला शुगर होती, शेवटी शेवटी डोळ्यांचे लई हाल झाले, ते मी बघितलंय म्हणून मला भीती वाटते. तपासणीचं काढलं की दाजी म्हणतात "मला काय धाड भरलीय, एकदा गोळी चालू झाली की जन्मभर सुटत नाही". मी धाकटा, जास्त बोलता पण येत नाही. तर शुगर असू शकते का आणि काही? नाईटवाल्या माणसानं उपाशीपोटी टेस्ट द्यायची कशी? आणि कुणीतरी सांगितलं म्हणून अक्कानं साखर बंद करून चहात गूळ सुरू केलाय ते चालतं का?

उद्यमनगर_लेथ

भावा, मी पण फौंड्रीत काढलीत बरीच वर्षं, म्हणून सांगतो, भट्टीची तहान वेगळी असते. भट्टीवर सगळं पाणी घामानं जातं, मग लघवी कमी होते, गडद पिवळी होते, जळजळते. तुझ्या दाजींचं बरोबर उलटं चाललंय, पाणी पण भरपूर आणि लघवी पण भरपूर, ती पण रात्री घरात पंख्याखाली झोपल्यावर. सुट्टीच्या दिवशी भट्टी नसते तेव्हा तहान कमी होते का बघ. तेव्हाही तशीच असेल तर उष्णतेचं कारण सोडून द्या सगळ्यांनी.

आणि खाणं वाढून वजन उतरतंय हे बरं झालं म्हणायचं लक्षण नव्हे. आमच्या शॉपमधल्या एकाचं असंच झालं होतं, लोक कौतुक करत राहिले. वाट बघू नकोस, लॅबला ने.

बावड्याची_सिस्टर

मी नर्स आहे, वॉर्डात बरीच वर्षं झाली. इथं बसून कुणाला शुगर आहे असं मी म्हणणार नाही, ते रक्त तपासल्यावरच कळतं. पण तुम्ही लिहिलेलं वाचल्यावर उद्याच रक्त तपासा एवढं मात्र ठामपणे सांगते.

का ते थोडक्यात सांगते म्हणजे दाजींना पण सांगता येईल. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत आत घेता येत नाही, मग ती लघवीवाटे जायला लागते आणि जाताना सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, आणि लघवी जास्त म्हणून तहान, बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, पाणी जास्त पितो म्हणून लघवीला होतं. खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही कारण इन्सुलिन कमी पडलं की साखर पेशीत जात नाही, मग शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला लागतं, त्यामुळं भूक पण लागते आणि वजन पण उतरतं, वर थकवा. अंधुक दिसण्याचं पण तसंच, साखर वरखाली झाली की डोळ्याच्या भिंगात पाण्याचा फरक पडतो आणि नंबर बदलल्यासारखं होतं, म्हणून आत्ता लगेच नवीन चष्मा करू नका, शुगर असेल तर ती आटोक्यात आल्यावर नंबर परत बदलतो आणि पैसे वाया जातात. डोळ्याच्या पडद्याची तपासणी वेगळी, ती मात्र शुगर निघाली तर लगेच करून घ्यायची, त्यांच्या आईचं लिहिलंय तुम्ही त्यामुळं तर नक्कीच.

आता टेस्ट. उपाशीपोटीची शुगर १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा वर आली तर मधुमेह. एचबीए१सी म्हणून एक टेस्ट असते त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, आणि तिला उपाशी राहायला लागत नाही. फक्त कुणाला रक्त कमी असेल किंवा सिकल सेल असेल तर ती फसवू शकते. कसलाच त्रास नसलेल्या माणसाचा रिपोर्ट जास्त आला तर परत टेस्ट करून खात्री करतात. पण दाजींसारखी एवढी लक्षणं असतील तर कुठल्याही वेळी, जेवलेले असोत नसोत, लॅबमध्ये शुगर २०० किंवा त्याच्या वर आली तरी निदान होतं. म्हणजे उपाशी राहायचं जमेना म्हणून आठवडा घालवायची गरजच नाही.

नाईटचं विचारलंत. उपाशी म्हणजे किमान ८ तास काही न खाता, साधं पाणी चालतं. रात्री २ ला डबा खाल्ला असेल तर सकाळी १० नंतर रक्त द्यायचं, मधे चहा नाही, बिनसाखरेचा पण नाही, तंबाखू पण नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात केलं तर आणखी सोपं. आणि टेस्टच्या आधी चार दिवस गोड बंद करून रिपोर्ट चांगला आणायचा असलं काही करू नका, नेहमीसारखं खाऊन मगच द्या.

वजन उतरायला थायरॉईड आणि टीबी पण कारण असू शकतं. म्हणून नुसता लॅबचा कागद घेऊन घरी येऊ नका, डॉक्टरांना दाखवा, खोकला ताप असेल तर आपणहून सांगा.

आणि हे नीट वाचा. उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखतंय, श्वास खोल आणि जोरात चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, किंवा माणूस गुंगीत आहे, नीट बोलत नाही, यातलं काहीही दिसलं तर सकाळची लॅब वगैरे विसरा, त्याच क्षणी सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) नाहीतर जवळ असेल त्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत. गाडी नसेल तर १०८. हे मोठ्या माणसात पण होतं, फक्त लहान मुलांत होतं असं नाही.

गुऱ्हाळ_पन्हाळा

गुळाबद्दल बोलतो कारण आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे आणि लोक रोज विचारतात. आपला गूळ चवीला एक नंबर, त्याचा मला अभिमान आहे, पण शुगरवाल्याला तो चालतो हे खोटं आहे. शेवटी उसाचाच रस आटवून केलेला, बिनकेमिकलचा असला तरी त्यात साखरच असते. काकवीचं तेच, रसाचं तेच. उलट गूळ चालतोय म्हणून माणूस दोन खडे जास्तच टाकतो. आमच्याकडं कोण शुगरसाठी म्हणून गूळ मागायला आलं तर मी देतच नाही, डॉक्टरला विचारून या म्हणतो.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड हे पण सांगतील लोक. खायची तर भाजी म्हणून खावा, पण त्यावर थांबून तपासणी लांबवू नका.

राजारामपुरी_वैनी

तुमचा खरा प्रश्न टेस्टचा नाही, दाजी ऐकत नाहीत हा आहे. आमच्या ह्यांचं पण सेम होतं. "तुम्हाला शुगर आहे" असं कुणी म्हटलं की माणूस अंगावर येतो, आणि धाकट्या मेव्हण्यानं म्हटलं तर जास्तच. तुम्ही एक करा, अक्काला पुढं करा, आणि तिनं "माझं पण रक्त तपासायचंय, सोबत चला" असं म्हणावं. हे खोटं बोलणं नाही बरं का, तिशीनंतर तिचं पण बघायलाच पाहिजे, सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्यांची शुगर बीपी फुकट तपासतात, तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा कधी कुठं ते. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून रक्त दिलं, ह्यांना कमीपणा वाटला नाही.

जन्मभर गोळीचं म्हणाल तर ती भीती खरी आहे, तिला हसू नका. पण गोळीमुळं शुगर होत नाही, शुगर आधीच असते. लवकर कळलं आणि वजन, खाणं, चालणं सांभाळलं तर काहींच्या गोळ्या डॉक्टर कमी करतात, काहींच्या काही काळ बंद पण होतात. गोळी नको म्हणून टेस्टच केली नाही तर आतल्या आत डोळे, किडनी, पायाच्या नसा जातात. त्यांनी स्वतःच्या आईचं बघितलंय ना, म्हणूनच घाबरत असतील बहुतेक. त्यावर वाद घालण्यापेक्षा एकदा शांतपणे बसून आईंचं कधी आणि कसं कळलं होतं ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या. बोलू देत त्यांना.

आणि यात लाजण्यासारखं काही नाही हो, आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) २०२३ साली अभ्यास आला त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचं होतं.

शिरोली_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. वैनी म्हणतात तसं अक्काशी बोललो, ती तयार आहे. आज दाजींजवळ नुसता बसलो होतो, त्यांच्या आईचा विषय निघाला, बरंच बोलले. तेव्हा सहज म्हणाले की उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ चप्पल लागून जखम झालीय आणि ती बरेच दिवस भरत नाही, दुखत पण नाही म्हणून दुर्लक्ष केलं. तळव्याला रात्री मुंग्या येतात म्हणे. अक्का हळद लावून बांधते. हे आधी माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. याचा काय संबंध असेल का?

बावड्याची_सिस्टर

असू शकतो, आणि दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. शुगर जास्त दिवस वाढलेली असली की पायाच्या नसांची जाणीव कमी होते, मग चप्पल लागली, खिळा टोचला, भाजलं तरी कळत नाही, आणि जखम भरायला पण वेळ लागतो. उद्या रक्त द्यायला जाल तेव्हा पाय डॉक्टरांना दाखवायचाच, मोजे काढून दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यासकट. तोपर्यंत स्वच्छ पाण्यानं धुवून, कोरडं करून, स्वच्छ ड्रेसिंग. हळद, तेल, चुना काही नको. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं अजिबात नाही, पाणी किती कढत आहे ते त्यांना कळणार नाही. जखम लाल झाली, सुजली, पू आला, वास आला, काळी पडली किंवा ताप आला तर उद्यापर्यंत थांबू नका.

भट्टीवर सेफ्टी शूज असतातच, ते घालायच्या आधी आत हात घालून खडा नाहीतर बरचा (धातूच्या धारदार कडेचा) तुकडा आहे का बघायला सांगा. अनवाणी अजिबात फिरायचं नाही. आत्ता उन्हाळ्यात दुपारी देवळात जाणं टाळा, फरशी एवढी तापलेली असते की चांगल्या माणसाचा पाय भाजतो. आणि ती लागणारी चप्पल बाजूला ठेवा, कितीही आवडीची असली तरी.

कागल_मावशी

मधेच लिहिते माफ करा, पण हे सगळं वाचून छातीत धस्स झालं. माझा भाचा ९ वर्षांचा आहे. पंधरा दिवस झाले बघा, परत गादी ओली करायला लागलाय, आधी बंद झालं होतं. शाळेतून आला की तांब्याच तोंडाला लावतो. गालफडं बसलीत. आम्ही म्हटलं परीक्षेचं टेन्शन, नाहीतर जंत असतील, औषध पण दिलं जंताचं. घरात कुणालाच शुगर नाही आणि तो बारका आहे, जाडा नाही, त्यामुळं हा विचारच आला नाही. आज दुपारपासून पोट दुखतंय म्हणतोय, एकदा उलटी झाली.

बावड्याची_सिस्टर

मावशी, आत्ता निघा. सकाळची वाट बघू नका. लहान मुलांतला टाईप १ मधुमेह घरात कुणाला नसताना पण होतो, बारक्या मुलांना होतो, आणि तो दिवसांत वाढतो. तहान, परत गादी ओली होणं, वजन उतरणं, त्यावर पोटदुखी आणि उलटी, एवढं असताना पोराला आधी दवाखान्यात न्यायचं, शुगर नाही निघाली तर चांगलंच आहे, घरी परत या. लॅब शोधत फिरू नका, सरळ कॅज्युअल्टी, आणि दारातच सांगा की "शुगर आणि किटोन तपासा, तहान आणि लघवी वाढलीय, आज उलटी झाली" (किटोन म्हणजे चरबी जळताना रक्तात साठणारं आम्ल). कागलमध्ये जवळ जे २४ तास चालू असेल तिथं बोटातून शुगर बघायला एक मिनिट लागतं, ती जास्त निघाली तर लहान मुलांचे डॉक्टर आणि आयसीयू असलेल्या ठिकाणी कोल्हापूरला पाठवायला सांगा. पुढं जाताना १०८ मागा. घरातल्या कुणाची शुगरची गोळी देऊ नका. सरबत, नारळपाणी, ग्लुकोन नको, शुद्धीत असेल आणि मागत असेल तर साधं पाणी घोट घोट. डुलक्या घेत असेल तर तोंडातून काहीच नको.

कागल_मावशी

भाऊ गाडी काढतोय, बोटातून शुगर इथंच बघून पुढं जातो.

शिरोली_नाका

मावशी, माझं घर शिरोली नाक्यावर आहे आणि गाडी दारात आहे. कोल्हापूरला पाठवलं तर इथं लिहा, कुठल्या दवाखान्यात आलाय एवढंच सांगा, मी डबा आणि अंथरूण घेऊन येतो. दाजींचं उद्या १० ला ठरलंय, अक्का नेतीय, माझी तिथं गरज नाही.