सांगलीत रात्री बाहेर जेवायला जायचं तर पायऱ्या किती हे आधी कळायला नको का?

कृष्णाकाठ: मी व्हीलचेअरवर असतो. गेल्या शनिवारी मित्राचा वाढदिवस, विश्रामबागेतलं एक हॉटेल. आधी फोन करून विचारलं व्हीलचेअर आत येते का, तर म्हणाले येईल की, आमची पोरं आहेत उचलायला. उचलून नेणं म्हणजे आत येणं नव्हे हो! दारात चार पायऱ्या, चौघांनी उचललं, सगळं हॉटेल बघतंय, आणि टॉयलेटचं दार इतकं अरुंद की खुर्ची जाणारच नाही, म्हणून अडीच तास पाण्याचा घोट घेतला नाही.

रॅम्प आजच बांधा म्हणत नाही. पायऱ्या किती, दार किती इंच, टॉयलेट कुठल्या मजल्यावर, एवढं फोटोसकट उघड लिहा. बर्लिनच्या लोकांचा व्हीलमॅप, म्हणजे व्हीलचेअर कुठं आत जाते ते दाखवणारा ऑनलाइन नकाशा, २०१० पासून चालू आहे, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर, कुणीही फुकट भरू शकतं, हिरवा ठिपका म्हणजे सरळ आत जा, पिवळा म्हणजे थोडी अडचण, लाल म्हणजे जमणार नाही. सांगली-मिरजेतली हॉटेलं, बार, नाट्यगृहं आपणच भरूया.

गल्ल्यावरचा: भावा, वाईट वाटलं वाचून, पण माझी पण बाजू ऐक. जागा भाड्याची, मालक एक वीट हलवू देत नाही. तुम्ही लाल ठिपका लावणार, बाकीचं गिऱ्हाईक बघून म्हणणार हॉटेलातच काहीतरी गडबड आहे. आणि उद्या मी दार मोठं केलं तर ठिपका कोण बदलणार?

मिरजकर_७२: मला वेगळीच भीती आहे. माझी बहीण कुबड्यांवर चालते. एकदा माहिती लिहिली की हे सगळे मोकळे, पायऱ्या आहेत हे सांगितलं होतं की म्हणणार. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे जाता-वापरता यावं याचे, नियम नुसते सल्ल्यासारखे चालणार नाहीत, सक्तीचे करा. मग आपण टेप घेऊन का फिरायचं? ज्यांची जबाबदारी आहे त्यांनी फिरावं.

मंद_उजेड: फक्त व्हीलचेअरचं धरू नका प्लीज. मला कमी दिसतं, बारमध्ये इतका अंधार असतो की पायरी पण दिसत नाही आणि मेन्यू पण. उजेड कसा आहे, मेन्यू फोनवर मिळतो का, हे पण लिहा.

कृष्णाकाठ: लिहायचंच, बरं झालं सांगितलं.

मिरजकर, सक्ती पाहिजेच, त्यात दुमत नाही. पण तक्रार करायची तर कुठं काय अडतंय ते मोजून द्यायला लागतंय, नुसतं अडचण होते म्हणून कोण हलत नाही. आणि नियम येईपर्यंत मी शनिवारी घरातच बसायचं का?

गल्ल्यावरचे, नुसता लाल ठिपका नको, आकडा लिहू. समजा एक पायरी, सहा इंच. एकास बाराचा उतार, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी, धरला तर सहा फुटांचा सुटा रॅम्प लागतो, गिऱ्हाईक आलं की टाकायचा, गेलं की उचलून ठेवायचा, मालकाची वीट हलत नाही. दार बदललं तर फोटो तुम्हीच टाका, बदल कुणालाही करता येतो.

मिरजकर_७२: मोजलेलं सगळं महापालिकेला पण द्यायचं असेल तर मी येतो. नुसतं नकाशावर ठेवायचं असेल तर नाही.

कृष्णाकाठ: द्यायचं. तारखेसकट.

गल्ल्यावरचा: रविवारी चारला या, तेव्हा गर्दी नसते. टॉयलेटचा फोटो तेवढा नको.

कृष्णाकाठ: दादा, मला टॉयलेटचाच पाहिजे.