‘जीवाश्मसमुदाय’ की ‘जीवाश्मसंचय’?

प्रश्न: कच्छच्या जुरासिक खडकांबद्दल लिहिताना एका थरात सापडलेल्या सगळ्या शंखशिंपल्यांना ‘जीवाश्मसमुदाय’ म्हणावे का? ‘थर’ आणि ‘स्तर’ यांत फरक करावा का?

प्रतिसाद १: समुदाय म्हणजे एकत्र नांदणारे. उथळ समुद्रात लाटा कवचे लोटून एका जागी आणतात, म्हणून एकत्र सापडलेले एकत्र जगले असे होत नाही. आधी ‘संचय’ लिहा, पुरावा मिळाला की ‘समुदाय’. पुरावा असा पाहा: दोन्ही झडपा (कवचाचे दोन भाग) जोडलेल्या आहेत का? डाव्या आणि उजव्या झडपा साधारण सारख्या संख्येने आहेत का? लहान-मोठी कवचे मिसळलेली आहेत की एकाच मापाची निवडून आल्यासारखी? बिळात राहणारे शिंपले उभेच आहेत का? बहुतेक सुट्या झडपा पालथ्या असतील तर प्रवाहाने त्या लोळवल्या आहेत. पालथी झडप प्रवाहात स्थिर राहते, उताणी उलटते.

प्रतिसाद २: झडपांची कसोटी सगळ्यांना सारखी लावू नका. शिंपल्याची झडप लवचिक बंधामुळे उघडते आणि स्नायू ती मिटून धरतो. प्राणी मेला की स्नायू सुटतो, शिंपला आ वासतो आणि लवकरच झडपा वेगळ्या होतात. म्हणून जोडलेला शिंपला बहुधा झटपट गाडला गेलेला. ब्रॅकिओपॉड हा शिंपल्यासारखाच दोन झडपांचा, पण वेगळ्या गटातला सागरी प्राणी. त्याची झडप उघडायलाही स्नायूच लागतो, त्यामुळे तो मेल्यावर बहुधा मिटलेलाच राहतो, आणि वाहून आलेलाही जोडलेला सापडू शकतो. बाहेरून दोघे सारखे दिसतात, इथेच घोटाळा होतो. समोरून पाहा: ब्रॅकिओपॉडची प्रत्येक झडप मधोमध दुभागली तर दोन सारखे भाग होतात, शिंपल्याचे सहसा होत नाहीत. झडपेच्या आतल्या बाजूला कालव चिकटलेले असेल, तर ती झडप प्राणी मेल्यावर तळावर उघडी पडून होती.

प्रतिसाद ३: कच्छमधला ढोसा ऊओलाइट (बारीक गोल दाण्यांचा खडक) हे संचयाचे उत्तम उदाहरण. ‘चारी’ नावाच्या शैलसमूहाच्या (खडकांच्या एका गटाच्या) माथ्यावरचा हा खडक सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातले लोहयुक्त दाणे गाबोळीसारखे दिसतात. गाळ फार सावकाश साचला, मध्येच उकरला गेला, म्हणून वरच्या पातळ स्तरात वेगवेगळ्या काळांचे अ‍ॅमोनाइट (गुंडाळलेल्या कवचाचे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी) शेजारी पडलेत. त्याला ‘समुदाय’ म्हणणे सरळ चूक.

‘थर’ कशाचाही असतो: लाव्हाचा, धुळीचा, दहीहंडीचाही. सह्याद्रीच्या कड्यांतल्या आडव्या पट्ट्या लाव्हाच्या आहेत आणि मराठी वाचकाला ‘खडकाचे थर’ म्हटले की त्याच आठवतात. म्हणून गाळ साचून झालेल्यासाठी ‘स्तर’ राखून ठेवावा, असे माझे ठाम मत.

प्रश्नकर्ता: मग शीर्षक ‘चारी शैलसमूहातील जीवाश्मसंचय’ असे करतो.