रविवारी हळदीच्या रानात पोरांना न्यायचंय, कोण कोण येतंय?

आर्याची आई (ए-२०१): नमस्कार. मेसेज जरा मोठा आहे, पण वाचा. गेले तीन शनिवार गच्चीवर आपल्या ३ ते ७ वर्षांच्या पोरांना मी हळदीच्या गड्ड्याची गोष्ट सांगतेय. जेठा गड्डा म्हणजे आई, तिला बोटांसारखी फुटलेली हळकुंडं म्हणजे पिल्लं. परवा शौर्यनं विचारलं, "पिल्लं मोडून नेली की आईचं काय होतं?" मला सांगता येईना. माझ्या माहेरी तासगावकडं द्राक्षं, हळद आम्ही कधी केली नाही. सांगलीजवळ हरिपूरच्या बाजूला ओळखीच्या मावशींची हळद आहे. काढणी चालू आहे, रविवारी शिजवणार आहेत. पोरांना घेऊन या म्हणाल्या.

शौर्यचे बाबा (बी-१०२): आम्ही येणार, वहिनी. फक्त मागच्या सहलीसारखं नको. बैलगाडीची एक फेरी, पाण्यात डुंबणं, जेवण आणि परत. रानात काय पिकतं ते पोरानं बघितलंच नाही.

आर्याची आई: म्हणूनच एकच रान, एकच पीक. पण पुन्हा पुन्हा जायचं. आत्ता काढणी, अक्षय तृतीयेनंतर लागण, श्रावणात पोरांच्या डोक्याएवढी उंच झालेली पानं. आठ-नऊ महिने जमिनीत राहणारं पीक एका सकाळीत कसं कळणार? आणि दरवेळी जायच्या आधी गच्चीवर गोष्ट. गोष्ट ऐकून गेलेलं पोर तिथं काहीतरी शोधत असतं, नुसतं हिंडत नाही.

सी-३०४ आजोबा: हरिपूरला निघालात तर शनिवारची गोष्ट माझ्याकडं द्या. पेवांची सांगतो. जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद, आत पोट मोठं. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. हे पोरांना कुणी सांगणार नाही, आपणच सांगायला पाहिजे.

डॉक्टर काकू (ए-३०१): पाच वर्षांवरच्यांचा डीपीटीचा (धनुर्वात वगैरेच्या लसीचा) बूस्टर झालाय का बघा. बंद बूट, पूर्ण बाह्या, टोपी, पाणी. आणि काहिलीपाशी पोरं अजिबात नकोत. उकळतं पाणी आहे ते.

आर्याची आई: हो काकू. दोरी बांधून घेणार, पोरं दोरीच्या मागं. सकाळी ७:३० ला निघू, ऊन तापायच्या आत परत. वाळलेली हळद घासायच्या पॉलिशच्या ड्रमकडं नेणार नाही, फार धूळ उडते. वाटेत द्राक्षबाग दिसली तरी आत शिरायचं नाही, फवारणी कधी झालीय ते आपल्याला ठाऊक नसतं.

ओवीची आजी (बी-४०१): ओवी तीनच वर्षांची आहे. तिला काय कळणार?

आर्याची आई: काकू, तिला वास कळेल. आणा तिला.

*रविवार, दुपारी १२:४०*

शौर्यचे बाबा: पोचलो घरी. शौर्यचे हात पिवळे झालेत, धुवू देत नाहीये.

ओवीची आजी: ओवी पाल्याच्या ढिगापाशीच बसून होती. ओला पाला चुरगळून मला हुंगायला लावला.

आर्याची आई: सगळ्यात छान काम मावशींनी दिलं. माती झाडायची, जेठे गड्डे एका पाटीत, हळकुंडं दुसऱ्या पाटीत. पोरं तासभर हलली नाहीत. मग शिजलेल्या हळकुंडात त्यांनी गवताची काडी टोचून दाखवली, आरपार गेली की शिजली. आता दोन आठवडे वाळायला लागतील. ५ किलो ओली हळद वाळून जेमतेम १ किलो भरते, हे ऐकून तर मीच गप्प झाले. डब्यातल्या चमचाभर हळदीमागं एवढं रान असतं!

शौर्यचे बाबा: आणि त्याच्या प्रश्नाचं?

आर्याची आई: शौर्यनं मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आईला कोण विकतंय? ती बेण्याला ठेवायची." सावलीत ढीग करून वर हळदीचाच पाला झाकलेला दाखवला. उन्हाळाभर ती तिथं झोपणार आणि मग परत मातीत. निघताना मावशींनी प्रत्येक पोराला एकेक गड्डा दिलाय. पाण्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, सावलीत कोरडा राहू द्या. कुंड्या मी आणते, लागण अक्षय तृतीयेनंतर गच्चीवर.

सी-३०४ आजोबा: गच्चीवरच्या कुंड्यांसाठी शेणखत माझ्याकडून.