जलरंगातलं निसर्गचित्र: ब्रशची कोणती गोष्ट तुमच्या हाताला उमगली?

कोणता रंग घ्यावा यावर पुष्कळ बोललं जातं, ब्रशमध्ये पाणी किती ठेवावं यावर फार कमी. माझी निम्मी आकाशं तिथेच बिघडली, म्हणून हा धागा. फसलेले प्रयोगही जरूर लिहा.

सुरुवात मीच करते. ओल्या आकाशात ढगाची सावली टाकताना मी पाण्याने भरलेला ब्रश तसाच टेकवायचे. थोड्या वेळाने तिथे फुलकोबीसारख्या कडेचा डाग! ब्रशमधलं पाणी कागदावरच्या ओलाव्यापेक्षा जास्त झालं, की ते अर्धवट सुकलेला रंग बाजूला ढकलतं. आता मी कागद डोळ्यांसमोर तिरपा धरून बघते. पाणी डबक्यासारखं चमकत असेल तर थांबते. चमक रेशमासारखी मंद झाली, की ब्रश फडक्यावर टिपून दाट रंग टेकवते. कडा पसरते, पण मऊ राहते. चमक पूर्ण गेली की मात्र हात आवरायचा आणि कागद नीट सुकू द्यायचा.

~

माझं अडायचं सपाट वॉशला, म्हणजे मोठ्या भागावर एकसारखा पातळ रंग पसरवायला. बोर्डाच्या वरच्या कडेखाली एक पुस्तक सरकवलं आणि प्रश्न सुटला. प्रत्येक फटकाऱ्याखाली रंगाचा ओघळता मणी जमतो, पुढचा फटकारा त्याला टेकूनच ओढायचा. शेवटचा मणी पिळलेल्या ब्रशने शोषून घ्यायचा. मागे वळून डागडुजी अजिबात नको!

~

पाण्यावरचं ऊन मी पांढऱ्या रंगाने काढायचो, ते मेलेलं दिसायचं. खडबडीत कागदावर १२ नंबरचा गोल ब्रश जवळजवळ आडवा धरून झरकन फिरवला, तेव्हा रंग फक्त उंचवट्यांवर बसला. खळग्यांत राहिलेला कोरा कागद लखलखला. तो क्षण अजून आठवतो. वेग कमी पडला तर रंग खळग्यांत उतरतो, एवढं सांभाळा.

~

फांद्यांसाठी रिगर. जहाजांचे दोर रंगवायचा हा ब्रश, केस लांब. रंग शाईइतका पातळ हवा. खोडाकडून निघा, दाब कमी करत जा, टोकाला ब्रश उचला.

~

ढग टिश्यूने टिपून काढणाऱ्यांसाठी: आकाशाला थॅलो ब्लू वापरू नका, तो कागदात मुरतो. अल्ट्रामरीन हा दुसरा निळा बराचसा उचलला जातो. पण टिपताना दर वेळी टिश्यूची कोरी बाजू घ्या. माझ्या एका चित्रात टिपलेलाच निळा परत ढगावर उमटला होता.