मदत हवी आहे: आगळ आणि काजू गोव्याबाहेर ऑनलाइन विकायचे तर जीएसटी नोंदणी लागतेच का?

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमच्या वहिनीचा स्वयंसहाय्य गट आहे. कोकमाचं आगळ (खारवलेला रस), सोलं (आमसुलं), काजू, तोरांचं म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल खपतोच, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्या-मुंबईहूनही मागणी येते. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी आहे (उलाढाल १२ लाखांच्या आत). बाटलीवर एमआरपी, वजन, पॅकिंगचा महिना, पत्ता सगळं छापलेलं असतं.

घोळ जीएसटीचा आहे. मालाला ४० लाखांपर्यंत नोंदणी नको असं जो तो सांगतो, आमची उलाढाल त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण विक्रीच्या अ‍ॅपवर जीएसटी नंबर टाकल्याशिवाय फॉर्मच पुढे सरकत नाही. कुणी म्हणतं २०२३ पासून सूट आहे, कुणी म्हणतं कंपोझिशन (लहान धंद्यांसाठी ठोक दराने कर भरायची योजना) घ्या. आमचे सीए 'बघूया' म्हणतात. म्हणजे चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर.

दुसरं असं, पुण्याला व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवलेल्या आगळाच्या बाटलीचं झाकण वाटेत सैल झालं. पोचली तेव्हा बाटली अर्धी आणि खोक्याचा पुठ्ठा जांभळा! कुरिअरवाल्याने हात वर केले. गिऱ्हाईक म्हणतं पैसे द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जातो. केस झालीच तर पुण्याला खेपा घालायच्या का?

प्रतिसाद १
सूट खरी आहे, पण ती राज्यापुरती. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेत असेल तर नोंदणीशिवाय अ‍ॅपवर माल विकता येतो. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घ्यायचा आणि विक्री गोव्यातल्या गोव्यात ठेवायची. पार्सल गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून गेलं की जीएसटी कायद्याचं कलम २४ लागतं. करपात्र माल परराज्यात पाठवणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी, मग ते अ‍ॅपवरून असो की व्हॉट्सअ‍ॅपवरून. हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे, काजूला नाही.

धागाकर्ता
मग कंपोझिशन घेतलं तर?

प्रतिसाद १
नको. कंपोझिशनवाल्याला माल परराज्यात विकताच येत नाही. पुणे-मुंबईची गिऱ्हाइकं सोडायची नसतील तर साधी नोंदणी घ्या. रिटर्नची कटकट आहे, पण लहान उलाढालीला तिमाही रिटर्न चालतात.

प्रतिसाद २
बाटलीचे पैसे देऊन टाका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ऑनलाइन खरेदीलाही लागू आहे आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात. सुनावणी व्हिडिओवरून मागता येते, पण एका बाटलीपायी कशाला? 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का बिलावर असेल तर काढा. खराब माल परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा धरतात, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवस मोजतात. कुरिअरकडची भरपाई तुम्ही वेगळी मागा, त्यात गिऱ्हाइकाला ओढू नका. अ‍ॅपवर गेलात की २०२० चे ई-कॉमर्स नियमही आले. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. त्यासाठी गटातल्या एकीचं नाव तक्रार अधिकारी म्हणून द्यावं लागेल.

धागाकर्ता
आभारी आहे. गटाचं पॅन अजून काढलेलं नाही. नोंदणी वहिनीच्या पॅनवर घेतली तर उत्पन्न तिचं एकटीचं धरतील का?